बँक जुळवणीत अडकलेली महापालिका : बर्मिंगहॅमच्या ओरॅकल प्रकरणाचा अभ्यास

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या महापालिकेने २०१९ मध्ये आपली जुनी संगणकीय व्यवस्था सोडून ओरॅकल कंपनीच्या 'फ्यूजन' या क्लाउड प्रणालीवर जाण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्या कामाचा अंदाजित खर्च सुमारे दोन कोटी पौंड होता. एप्रिल २०२२ मध्ये नवी प्रणाली चालू झाली. २०२४ मध्ये खर्चाचा अंदाज १३.१ कोटी पौंडांवर पोहोचला होता, वार्षिक हिशेब वेळेवर पूर्ण होत नव्हते, आणि बँकेत जमा झालेली रक्कम नेमकी कोणत्या खात्याची हे ठरवण्यासाठी कर्मचाऱ्यांना हाताने नोंदी दुरुस्त कराव्या लागत होत्या. हे प्रकरण बहुतेक वेळा एका मोठ्या संगणक प्रकल्पाचे अपयश म्हणून सांगितले जाते. ते निवडीचे प्रकरण म्हणून वाचले तर त्यातून अधिक काही हाती लागते, कारण कामकाजाच्या स्वयंचलनासाठी प्लॅटफॉर्म निवडणे म्हणजे प्रत्यक्षात काय निवडणे असते, हा प्रश्न येथे फार स्पष्टपणे समोर येतो. त्याच दृष्टीने या प्रकरणाची येथे मांडणी केली आहे.

जुनी व्यवस्था आणि बदलाची गरज

२०२१ च्या जनगणनेनुसार बर्मिंगहॅमची लोकसंख्या सुमारे ११ लाख ४५ हजार आहे आणि तेथील महापालिका ही युनायटेड किंग्डममधील सर्वांत मोठी स्थानिक स्वराज्य संस्था मानली जाते. आपल्याकडील महापालिकांपेक्षा तिच्या कामाचा आवाका वेगळा आहे. वृद्धांची आणि निराधार मुलांची देखभाल, शाळा, भाड्याने दिलेली हजारो सरकारी घरे, रस्ते, कचरा, ग्रंथालये असे सारे तिच्याकडे येते, आणि या प्रत्येक कामामागे खरेदी, बिल, मंजुरी, पगार, वसुली आणि हिशेब यांची साखळी असते. ही साखळी १९९९ पासून सॅप या जर्मन कंपनीच्या प्रणालीवर चालत होती.

वीस वर्षांत त्या प्रणालीत महापालिकेच्या सोयीचे असंख्य बदल होत गेले. एखाद्या विभागाची मंजुरीची पद्धत वेगळी असली की त्या विभागासाठी वेगळा टप्पा घातला गेला, एखादा अहवाल विशिष्ट नमुन्यात हवा असला की तो तसा लिहून घेतला गेला. यात मुळात चूक काही नव्हती. माणसे जशी काम करत होती तसे सॉफ्टवेअर वळत गेले आणि त्यामुळे ते वापरणे सोपे राहिले. मात्र अशा वळवलेल्या प्रणालीची किंमत हळूहळू चढत जाते. मूळ कंपनीची नवी आवृत्ती आली की प्रत्येक बदल पुन्हा तपासावा लागतो, ते बदल कोणी आणि का केले हे सांगणारी माणसे निवृत्त झालेली असतात, आणि शेवटी संस्था जुन्या आवृत्तीवरच थांबून राहते.

त्यात आणखी एक दडपण होते. सॅपच्या त्या पिढीतील प्रणालींना मिळणारा मुख्य आधार २०२५ मध्ये संपणार, असे त्या वेळी जाहीर झालेले होते, आणि जगभरच्या अनेक संस्था त्या मुदतीकडे पाहून निर्णय घेत होत्या. ही मुदत २०२७ पर्यंत वाढवल्याची घोषणा कंपनीने फेब्रुवारी २०२० मध्ये केली, म्हणजे बर्मिंगहॅमचा निर्णय होऊन गेल्यानंतर. विक्रेत्याने जाहीर केलेली मुदत ही विक्रेत्याच्या व्यापारी धोरणाचा भाग असते आणि ती बदलू शकते, हे प्लॅटफॉर्म निवडणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. अर्थात मुदत वाढली म्हणून जुन्या व्यवस्थेचे ओझे कमी झाले असते असे नाही, आणि बदल करावा हा बर्मिंगहॅमचा निष्कर्ष माझ्या मते योग्यच होता.

२०१९ चा निर्णय नेमका कशाचा होता

वित्त, खरेदी, मनुष्यबळ आणि पगार या सर्वांसाठी एकच क्लाउड प्रणाली घ्यायची, असे ठरले. त्यासोबत एक तत्त्वही ठरले : प्रणालीत जी तयार कार्यपद्धती आहे ती स्वीकारायची, प्रणालीला आपल्या जुन्या पद्धतीप्रमाणे वळवत बसायचे नाही. कागदावर हे तत्त्व अचूक होते. सॅपमध्ये वीस वर्षांत जे घडले त्याची पुनरावृत्ती टाळण्याचा तो एकमेव मार्ग होता.

या तत्त्वाचे महत्त्व समजण्यासाठी क्लाउड प्रणाली कशी चालते ते थोडे पाहिले पाहिजे. जुन्या पद्धतीत सॉफ्टवेअर संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर असे आणि त्याच्या आत हात घालून हवे ते बदलता येई. फ्यूजनसारख्या क्लाउड प्रणालीत सॉफ्टवेअर विक्रेत्याच्या सर्व्हरवर असते आणि ते इंटरनेटवरून वापरायचे असते; सर्व ग्राहकांसाठी मूळ सॉफ्टवेअर एकच असते आणि ओरॅकल दर तीन महिन्यांनी त्याची नवी आवृत्ती सर्वांना देते. ग्राहकाला पर्याय निवडता येतात, म्हणजे मंजुरीचे किती टप्पे ठेवायचे, किती रकमेपर्यंतच्या खर्चाला कोणाची सही लागेल, खात्यांची रचना कशी असेल हे ठरवता येते. परंतु मूळ सॉफ्टवेअर बदलता येत नाही. ज्याला त्यापलीकडचे काही हवे असेल त्याला ते प्रणालीच्या शेजारी वेगळे बांधून जोडावे लागते, आणि दर तीन महिन्यांनी नवी आवृत्ती आली की ते जोडकाम अजून नीट चालते की नाही हे पुन्हा तपासावे लागते.

म्हणून असा प्लॅटफॉर्म घेताना संस्था दोन गोष्टींचा करार करते. एक करार विक्रेत्याशी असतो आणि तो सहीशिक्क्यानिशी होतो. दुसरा करार स्वतःच्याच विभागांशी असतो : तुमच्या काही सवयी आता बंद होतील, तुमचा अहवाल आता वेगळा दिसेल, तुमच्या मंजुरीचा एक टप्पा जाईल. हा दुसरा करार बर्मिंगहॅममध्ये झाला नाही. महापालिकेचे बाह्य लेखापरीक्षक असलेल्या ग्रँट थॉर्नटन या संस्थेने नंतर या प्रकल्पाची सविस्तर तपासणी केली आणि २०२५ मध्ये अहवाल दिला. त्यातून आणि त्याआधीच्या अहवालांतून जे चित्र दिसते ते असे की, विभागांनी नवी पद्धत आपली मानली नाही, प्रणालीची पद्धत स्वीकारण्याचे तत्त्व हळूहळू मागे पडले आणि प्रणालीच महापालिकेच्या सवयींप्रमाणे वळवण्याचे काम सुरू झाले. मार्च २०२१ मध्ये सुधारित खर्चाचा प्रस्ताव मंजूर झाला तेव्हा आकडा ३.८७ कोटी पौंड झाला होता आणि प्रणाली सुरू होण्याची तारीख पुढे गेली होती. मधल्या काळात कोविडची साथ होती, हेही खरे.

बँक जुळवणी : प्रकरणाचा गाभा

सर्वांत महागात पडलेला बदल बँक जुळवणीचा होता. तो नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण कोणत्याही संस्थेत स्वयंचलन अडते ते बहुधा अशाच ठिकाणी.

वाणिज्य शाखेत शिकलेल्या प्रत्येकाला बँक जुळवणी पत्रक माहीत असते : बँकेच्या पासबुकात दिसणारी शिल्लक आणि आपल्या रोकडवहीतील शिल्लक यांत फरक का पडतो, ते शोधून काढायचे. लहान व्यापाऱ्याकडे हे काम महिन्यातून एकदा होते. महापालिकेच्या पातळीवर मात्र त्याचे स्वरूप बदलते. घरपट्टीसारखा कर, व्यवसायांवरील कर, घरांची भाडी, पार्किंगचे शुल्क, परवान्यांची फी, शाळांची देणी, दंड, सरकारी अनुदाने असे अनेक प्रकारचे पैसे रोज थोड्याच बँक खात्यांत येऊन पडतात. कोणी कार्डाने भरतो, कोणी बँकेला कायमची सूचना देऊन ठेवतो, कोणी धनादेश देतो. बँकेच्या विवरणात दिसते ती फक्त रक्कम, तारीख आणि एखादा संदर्भ क्रमांक, आणि तो क्रमांकही भरणाऱ्याने चुकीचा लिहिलेला असू शकतो. त्या प्रत्येक नोंदीची योग्य खात्यात खतावणी झाली पाहिजे. ती झाली नाही तर ज्या नागरिकाने कर भरला आहे तो थकबाकीदार दिसतो, ज्या विभागाची वसुली झाली आहे त्याच्या खात्यात तूट दिसते, आणि वर्षाअखेरीस तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकींचा ताळा, जुळवायला बसले की कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

जुन्या व्यवस्थेत हे काम वर्षानुवर्षांच्या नियमांनी सांभाळले जात होते. कोणता संदर्भ क्रमांक कोणत्या अंकाने सुरू होतो, कोणत्या विभागाची रक्कम एकत्रित येते आणि ती कशी फोडायची, अपुऱ्या माहितीच्या नोंदींचे काय करायचे, हे ज्ञान काही प्रणालीत होते आणि काही माणसांच्या डोक्यात. नव्या प्लॅटफॉर्मवर जाताना महापालिकेसमोर तीन वाटा होत्या. पहिली, ओरॅकलमधील जुळवणीची तयार पद्धत घ्यायची आणि तिच्यात बसेल असे पैसे स्वीकारण्याचे मार्गच आधी सुटसुटीत करायचे. दुसरी, ब्रिटनमधील स्थानिक संस्थांसाठी बनवलेली उत्पन्न-व्यवस्थापनाची वेगळी तयार प्रणाली घ्यायची, म्हणजे पैसे तिच्यात वेगळे होऊन ओरॅकलकडे स्वच्छ नोंदी जातील. तिसरी, आपल्या पद्धतीप्रमाणे चालणारी जुळवणी-व्यवस्था ओरॅकलच्या जोडीने खास बनवून घ्यायची. महापालिका तिसऱ्या वाटेने गेली.

या तीनही वाटांचा खर्च आणि धोका प्लॅटफॉर्म निवडण्याआधी मोजता आला असता. माझ्या मते प्रकरणाची किल्ली येथेच आहे. पहिली वाट घेतली असती तर विभागांशी भांडण अटळ होते, पण ते भांडण प्रणाली येण्यापूर्वीच झाले असते. दुसऱ्या वाटेत परवाना शुल्काचा भार होता, पण तो आधीच ठाऊक राहिला असता. तिसरी वाट निर्णयाच्या दिवशी सर्वांत सोपी वाटते, कारण तिच्यात कोणालाही काही सोडावे लागत नाही. जे सोडावे लागत नाही त्याचा हिशेब पुढे बांधणी, चाचणी आणि दुरुस्ती या तिन्ही टप्प्यांत द्यावा लागतो, आणि त्या वेळी तो टाळता येत नाही.

एप्रिल २०२२ नंतर

नवे आर्थिक वर्ष सुरू होताना प्रणाली चालू करण्यात आली. खास बनवलेली बँक जुळवणी अपेक्षेप्रमाणे चालली नाही. जमा रकमा चुकीच्या खात्यांत जाऊ लागल्या किंवा कोठेच न जाता पडून राहू लागल्या, आणि हजारो नोंदींसाठी माणसे बसवून हाताने वाटप करावे लागले. जे काम यंत्राने करावे म्हणून एवढा खर्च केला, त्याच कामासाठी नवी माणसे नेमावी लागली. पुरवठादारांची बिले रखडली, शाळांनी त्यांना आपल्या शिलकीचा नीट आकडा मिळत नसल्याच्या तक्रारी केल्या, विभागप्रमुखांना आपल्या तरतुदीपैकी किती खर्च झाला हे सांगता येईना. महापालिकेला आपले वार्षिक हिशेब वेळेत आणि खात्रीने मांडता आले नाहीत.

लेखापरीक्षकांच्या निष्कर्षांतील एक बाब येथे विशेष नोंदवली पाहिजे. प्रणालीत कोणी, कधी, कोणती नोंद बदलली याचा माग ठेवणारी सोय ओरॅकलमध्ये तयार असते. परंतु सुरुवातीचा दीर्घकाळ ती पूर्णपणे वापरात आणलेली नव्हती. त्यामुळे त्या काळात गैरव्यवहार झाला की नाही, हे प्रणालीच्या आधारे खात्रीने सांगण्याचा मार्गच उरला नाही. महत्त्वाची सोय विकत घेतली आणि चालू केली नाही, असे हे उदाहरण आहे. प्लॅटफॉर्मची तुलना करणाऱ्या तक्त्यात 'लेखापरीक्षण माग : आहे' अशी बरोबरची खूण करून पुढे जाणारे अनेक असतात. ती सोय चालू करण्याची जबाबदारी कोणाची आणि ती चालू झाल्याशिवाय प्रणाली वापरात येणार नाही हे कोणी सांगायचे, हे त्या तक्त्यात कोठेच नसते.

प्रणाली तयार नाही हे आतल्या लोकांना ठाऊक नव्हते का? लेखापरीक्षकांच्या अहवालांनुसार अडचणी माहीत होत्या, पण त्यांचे खरे गांभीर्य निवडून आलेल्या सदस्यांपर्यंत पोहोचले नाही. महापालिकेकडे ओरॅकलची जाण असलेली स्वतःची माणसे अपुरी होती, त्यामुळे सल्लागार आणि अंमलबजावणी करणारी मंडळी जे सांगत होती ते पडताळून पाहण्याची ताकदही नव्हती. वाईट बातमी वर न नेण्याची सवय हा अशा संस्थांचा जुना रोग आहे, आणि तो कोणत्याही सॉफ्टवेअरने बरा होत नाही.

खर्च आणि दिवाळखोरीचा प्रश्न

२०२३ च्या उन्हाळ्यात महापालिकेने मान्य केले की प्रणाली दुरुस्त करण्याचा एकूण खर्च दहा कोटी पौंडांपर्यंत जाऊ शकतो. ५ सप्टेंबर २०२३ रोजी महापालिकेने स्थानिक शासन वित्त कायदा, १९८८ च्या कलम ११४ खाली नोटीस काढली. ही नोटीस म्हणजे अत्यावश्यक आणि कायद्याने बंधनकारक सेवा वगळता नवा खर्च थांबवल्याची घोषणा असते, आणि वृत्तपत्रांनी तिचे वर्णन दिवाळखोरी असे केले. पुढे ब्रिटनच्या केंद्र शासनाने महापालिकेच्या कारभारावर देखरेख ठेवण्यासाठी आयुक्त नेमले.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ओरॅकलमुळे बर्मिंगहॅम बुडाले, असे जे सुटसुटीत विधान केले जाते ते बरोबर नाही. नोटिशीमागचे सर्वांत मोठे कारण समान वेतनाच्या दाव्यांचे होते. महापालिकेतील महिला कर्मचाऱ्यांना समान मोलाच्या कामासाठी पुरुषांपेक्षा कमी मोबदला मिळत होता, आणि त्या दाव्यांचे नवे देणे ६५ ते ७६ कोटी पौंडांच्या दरम्यान असल्याचा अंदाज त्या वेळी महापालिकेने मांडला होता. प्रणालीचा खर्च त्यापुढे लहान होता. परंतु संकटाच्या वेळी आपल्याकडे नेमका किती पैसा आहे हे ज्या संस्थेला सांगता येत नाही तिचे संकट अधिक गडद होते, आणि नव्या प्रणालीने नेमकी तीच खात्री काढून घेतली होती. खर्चाच्या आकड्यात हे नुकसान दिसत नाही.

सुधारणेचा मार्ग

दुरुस्त करत राहायचे की नव्याने सुरुवात करायची, असा प्रश्न पुढे उभा राहिला. २०२४ मध्ये महापालिकेने त्याच ओरॅकल फ्यूजनची नव्याने उभारणी करण्याचा मार्ग घेतला, आणि या वेळी बदल न करता तयार स्वरूपातच ती वापरायची असे ठरवले. त्यासाठी एप्रिल २०२६ हे लक्ष्य ठेवण्यात आले. जमा पैशांच्या वाटपासाठी खास बनवलेली व्यवस्था सोडून उत्पन्न-व्यवस्थापनाची तयार प्रणाली वेगळी घेण्यात आली. म्हणजे पहिल्या वेळी समोर असलेल्या तीन वाटांपैकी दुसरी वाट, पाच वर्षांनी आणि कितीतरी पट किमतीला, स्वीकारली गेली.

निवडलेला प्लॅटफॉर्म बदलला गेला नाही, ही बाब माझ्या दृष्टीने या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत बोलकी आहे. ओरॅकलऐवजी सॅपची नवी प्रणाली घेतली असती आणि बाकी सारे तसेच राहिले असते, तर परिणाम फार वेगळा झाला असता असे मानण्यास आधार दिसत नाही. याचे दुसरे उदाहरण जर्मनीतच आहे. लिडल या किराणा साखळीने २०११ मध्ये आपली जुनी, स्वतः बनवलेली प्रणाली सोडून सॅपवर जाण्याचे काम हाती घेतले आणि २०१८ मध्ये, सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याच्या बातम्यांसह, ते सोडून दिले. त्या वेळच्या वृत्तांनुसार अडचणीचे एक प्रमुख कारण असे होते की, लिडल आपल्या मालसाठ्याचे मूल्य खरेदी किमतीने धरत असे आणि सॅपची किरकोळ व्यापारासाठीची तयार रचना ते विक्री किमतीने धरत होती. लिडलला आपली रीत सोडायची नव्हती, म्हणून प्रणाली बदलत न्यावी लागली. दोन कंपन्यांची दोन वेगळी सॉफ्टवेअर, दोन वेगळे देश, एक खासगी व्यापारी आणि एक सार्वजनिक संस्था. पण अडचण एकाच जागी आली.

निवड कशी व्हायला हवी होती

प्लॅटफॉर्मची निवड सहसा सोयींच्या तुलनेने होते. प्रत्येक विक्रेत्याच्या नावापुढे मंजुरीचे टप्पे, अहवाल, मोबाइल अ‍ॅप, जोडणीची सोय, किंमत असे रकाने भरले जातात आणि जास्त गुण मिळवणारा निवडला जातो. मोठ्या प्रणालींच्या बाबतीत या तुलनेतून फारसे काही कळत नाही, कारण बिल मंजूर करणे, रजा नोंदवणे, खरेदी आदेश काढणे ही नेहमीची कामे सर्वच जण करतात. फरक पडतो तो संस्थेच्या अपवादांमध्ये. म्हणून तुलनेची सुरुवात अपवादांच्या यादीपासून व्हावी : आपल्याकडे कोणती कामे इतरांपेक्षा वेगळ्या रीतीने होतात, ती तशी का होतात, आणि त्यांपैकी कायद्याने किंवा व्यवसायाच्या स्वभावाने खरोखर आवश्यक अशी किती आहेत. बर्मिंगहॅमच्या बाबतीत पैसे स्वीकारण्याची गुंतागुंत ही खरी गरज होती. मात्र तिच्यावर वर्षानुवर्षे चढलेल्या प्रत्येक थराला तोच न्याय लावता आला नसता.

ही यादी हातात आल्यावर प्रत्येक अपवादाचे काय करायचे हे करारावर सही होण्याआधी ठरले पाहिजे : सोडायचा, शेजारी दुसरी तयार प्रणाली घेऊन सांभाळायचा, की खास बांधून घ्यायचा. तिसरा पर्याय निवडला तर त्याच्या बांधणीइतकाच त्याच्या देखभालीचा खर्चही मांडला पाहिजे, कारण क्लाउडमध्ये दर तिमाहीला तो पुन्हा तपासावा लागतो. आणि विक्रेत्याने प्रात्यक्षिक दाखवताना आपलेच खरे, अस्वच्छ आकडे वापरावेत असा आग्रह धरावा. बर्मिंगहॅमच्या एका खऱ्या महिन्याचे बँक विवरण, त्यातील चुकलेल्या संदर्भ क्रमांकांसह, २०१९ मध्येच प्रत्येक स्पर्धक प्रणालीतून चालवून पाहिले असते, तर एप्रिल २०२२ नंतर जे उघड झाले त्यातील बरेच काही सहीपूर्वी दिसले असते.

आपल्याकडील अनेक वाचक याहून खूप लहान निर्णय घेत असतात. एखादा सुटे भाग बनवणारा कारखाना टॅलीतील हिशेबाला खरेदीची मंजुरी आणि गोदामाची नोंद जोडू पाहतो, एखादी दूध संस्था संकलनापासून उत्पादकाच्या खात्यातील रकमेपर्यंतची साखळी एका जागी आणू पाहते. झोहोसारखा क्लाउड संच घ्यायचा की मुंबईतील फ्रॅपे या कंपनीने विकसित केलेले ईआरपीनेक्स्टसारखे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, असा प्रश्न तेथे पडतो. मुक्तस्रोत प्रणालीत मूळ सॉफ्टवेअर हवे तसे बदलता येते म्हणून ती अधिक सोयीची, असा समज असतो. बदल करण्याची मोकळीक जितकी जास्त, तितकी कोणता बदल करायचा नाही हे ठरवणाऱ्याची गरज जास्त. सॅपमध्ये बर्मिंगहॅमने वीस वर्षांत जे केले ते मुक्तस्रोत प्रणालीत एखादा उत्साही प्रोग्रॅमर दोन वर्षांत करू शकतो.

दूध संस्थेचेच उदाहरण पुढे नेले तर तेथील बँक जुळवणी म्हणजे उत्पादकाचा हप्ता. दर दहा किंवा पंधरा दिवसांच्या बिलातून पशुखाद्याची उधारी, कर्जाचा हप्ता, आगाऊ उचल अशा कपाती होतात, आणि त्यांचा क्रम, त्यांची मर्यादा, एखाद्या सभासदाला दिलेली सवलत हे सारे बहुधा सचिवाला तोंडपाठ असते आणि कोठेही लिहिलेले नसते. प्लॅटफॉर्म पाहायला जाण्यापूर्वी ते लिहून काढणे हे निवडीच्या कामाचेच पहिले पाऊल आहे. ते लिहिताना अर्धे नियम एकमेकांशी विसंगत निघतात, असा अनुभव अशी कामे करणाऱ्यांना नेहमी येतो, आणि ती विसंगती सोडवणे संचालक मंडळाचे काम आहे, सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याचे नव्हे.

लेखापरीक्षणाच्या मागाबाबत मात्र भारतातील कंपन्यांना आता निवडच उरलेली नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखालील नियमांनुसार, हिशेबासाठी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीने असेच सॉफ्टवेअर वापरले पाहिजे, ज्यात प्रत्येक व्यवहाराचा आणि प्रत्येक बदलाचा तारखेसह माग राहतो आणि तो बंद करता येत नाही. तो वर्षभर चालू होता की नाही, याबद्दल लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात लिहावे लागते. बर्मिंगहॅममध्ये जी सोय असूनही वापरात आली नाही, ती येथे कायद्याने सक्तीची आहे. सहकारी संस्था, न्यास आणि भागीदारी संस्थांना हा कंपन्यांसाठीचा नियम लागू होत नाही. त्यांनी तो स्वतःहून पाळावा असे मला मनापासून वाटते, कारण ज्या संस्थेत सभासदांचा पैसा आहे तेथे नोंद कोणी बदलली हे सांगता न येणे यापेक्षा मोठी उणीव कोणतीही नाही.

राहतो तो प्रणाली चालू करण्याच्या निर्णयाचा प्रश्न. कोणत्या अटी पूर्ण झाल्या तर प्रणाली चालू करायची, हे काम सुरू होण्याआधी लिहून ठेवावे, आणि त्या पूर्ण झाल्या नाहीत तर थांबण्याचा अधिकार अशा माणसाला द्यावा ज्याला ठरलेल्या तारखेशी काही देणेघेणे नाही. त्या अटींमध्ये किमान एक संपूर्ण महिना जुनी आणि नवी प्रणाली बरोबरीने चालवून दोन्हींतील बँक जुळवणी शेवटच्या नोंदीपर्यंत एक येणे ही अट असावी. जुनी प्रणाली आणखी काही महिने चालवण्यासाठी लागणारा पैसा मूळ अंदाजपत्रकातच वेगळा ठेवावा. तो ठेवलेला नसला की थांबण्याचा निर्णय महाग दिसतो, आणि मग अपुरी प्रणालीच चालू केली जाते.